कॅच, कॉट, कॉट

मुख्तार सरांचं म्हणणं असं, की इंग्रजी शिकायला आयुष्य लागत नाही, एक क्रियापद लागतं. ते क्रियापद म्हणजे कॅच. जूनमध्ये नवी आठवी वर्गात येऊन बसली, की पहिल्याच दिवशी ते फळ्यावर हा शब्द भलाथोरला लिहीत, खिशातून चिंध्यांचा चेंडू काढत आणि एखाद्या बेसावध पोराच्या अंगावर टाकत. पोरानं झेलला की "यू कॉट द बॉल." नाही झेलला आणि पोरगं चेंडूमागं धावून धापा टाकत परत आलं, तर "नाउ कॅच युवर ब्रेथ." तिथून पुढं महिनाभर चोर, मासा, सर्दी, बस, आग, सगळं त्या एका शब्दात कोंबलं जाई.

माझा वर्ग शेजारचा. मधे भिंत नव्हती, पत्र्याचं पार्टिशन होतं. मी इकडं जीव ओतून कविता शिकवत असायची आणि पलीकडून चाळीसेक पोरं 'कॅच, कॉट, कॉट' असं बोंबलत असायची. मुकुंदवाडी तेव्हा औरंगाबादच्या बाहेरचं गाव होतं. शाळेच्या मागं ज्वारी होती, आणि त्या ज्वारीला बुजगावणं लागत नव्हतं ते आमच्या आठवीमुळं, असं मी म्हणायची. मी मनकर्णाबाई, मराठीची. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"सर, तुमची इंग्रजी लई दरिद्री भाषा," मी एकदा मधल्या सुट्टीत त्यांना डिवचलं. "आमच्यात चेंडू झेलतात, चोर सापडतो, सर्दी होते, गाडी गाठतात, आग लागते आणि पदर काट्याला अडकतो. तुम्ही सगळ्यांना एकच शब्द लावता."

सरांनी चहाची बशी खाली ठेवली. "दरिद्री नाही बाई, कंजूस. एकाच पातेल्यात सगळं शिजवतात. पण तुमी बी काय कमी नाहीत. अबोला धरता, उपास धरता, राग धरता. आम्ही रोजा धरतो. झाड फळ धरतं. अन् तिकडं पैठणला सरकारनं गोदागंगा धरली तर तिचं धरण झालं."

त्या वेळी बाजी सरांनी मारली. असं वर्षातून एखाद्या वेळेलाच होतं, म्हणून तो दिवस लक्षात राहिला.

अबोला हा शब्द त्यांनी सगळ्यांत आधी घेतला, त्याला कारण होतं. मी या शाळेत नवी आले त्या वर्षी महिनाभर मी त्यांच्याशी अबोला धरला होता. तीनदा मागून हाक मारून मी खडू मागितला आणि तिन्ही वेळा हा गृहस्थ मान न वळवता निघून गेला. मला वाटलं, जुन्या शहरातलं खानदानी प्रकरण, मराठीच्या बाईला उत्तर देणं कमीपणाचं वाटत असेल. मग एक दिवस आमच्या शिपायाच्या, कडूबाच्या, हातून शाळेची घंटा निसटली. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो सरांच्या पाठीमागं फरशीवर असा आदळला की हेडमास्तर बद्रीनाथरावांच्या चिमटीतली तपकीर त्यांच्याच शर्टावर सांडली आणि माझ्या तोंडून "अगं आई" निघालं. मुख्तार सर बशीतला चहा फुंकत राहिले. चहा संपवला, बशी ठेवली, मग आमची तोंडं पाहून म्हणाले, "क्या हुआ?"

त्याच दिवशी मी अबोला सोडला. दुसऱ्या दिवशी खडू मागायला वळसा घालून त्यांच्या समोर गेले आणि नीट तोंड उघडून मागितला. त्यांनी दोन दिले. हेडमास्तरांना तेव्हाही काही उमगलं नव्हतं. त्यांना वरून आलेला कागदच तेवढा उमगायचा.

पुढं ओळख वाढली तशी सगळी गोष्ट कळत गेली. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा सर विशीत होते. शिक्षण सगळं उर्दूत. ॲक्शननंतर शाळांची भाषा फिरली, आणि भूगोल-गणित उत्तम येणाऱ्या या माणसाला ते आता कोणत्या तोंडानं शिकवावं असा प्रश्न पडला. मराठी यायची ती बाजारापुरती. इंग्रजी मात्र निजामाच्या राज्यात होती तशीच नव्या राज्यातही होती. त्यांनी इंग्रजी धरली. खेड्यावरची पोरं काही विचारायची ते त्यांना कळायचं नाही. मग ते शेजारच्या पोराला उभं करून म्हणायचे, "आय डिड नॉट कॅच इट. यू टेल मी." ते पोरगं तोच प्रश्न सोप्या शब्दांत, जमेल तेवढ्या इंग्रजीत सांगायचं. असं करता करता सरांना मराठी आली आणि पोरांना इंग्रजी.

मग टायफॉइड झाला. ताप उतरला, पण जाताना एक कान घेऊन गेला, आणि दुसऱ्यालाही त्यानं हळूहळू आपल्यामागं बोलावून घेतलं. सरांनी काय केलं? काही नाही. वर्गात तेच वाक्य चालू ठेवलं. "आय डिड नॉट कॅच इट. यू टेल मी." आधी त्याचा अर्थ 'मला समजलं नाही' असा होता, आता 'मला ऐकू आलं नाही' असा झाला. शब्द तोच राहिला म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दरिद्री भाषेचा असाही उपयोग असतो, हे मला मान्य करावं लागलं.

सर शहरातून सायकलवर यायचे. हँडलला एक गोल आरसा लावलेला होता. मागून येणारा ट्रक त्यांना त्यात दिसायचा, आणि लोकांना वाटायचं सर शौकीन आहेत. वर्गातही त्यांनी असंच सगळं जुळवून घेतलं होतं. ज्याला बोलायचं त्यानं उभं राहायचं आणि खिडकीकडं तोंड करायचं, म्हणजे उजेड तोंडावर पडतो. ओठ पुरते उघडायचे. एकानं प्रश्न विचारला की दुसऱ्यानं "आय कॉट इट, सर" म्हणून तो झेलायचा आणि सरांपुढं ठेवायचा, मग तिसऱ्यानं उत्तर द्यायचं. प्रश्न त्या चिंध्यांच्या चेंडूसारखा वर्गभर फिरायचा. सर खिडकीकडं पाठ करून उभे राहायचे आणि ओठ वाचायचे. उर्दू, मराठी, इंग्रजी, तिन्ही. पोरांना याची अशी सवय लागली की कुणी बोलत असताना ती दुसरीकडं बघेनात. त्यांच्या आया माझ्याकडं गाऱ्हाणं घेऊन यायच्या, "बाई, आमचं पोरगं घरात बी आमच्या तोंडाकडं टक लावून बघतंय. नजर लागंल ना."

चुकाही पुष्कळ व्हायच्या. कॅचचा भूतकाळ कॉट, आणि पोरांना कॉट ठाऊक ती लोखंडी, दवाखान्यातली. बन्सी नावाच्या पोरानं 'द पोलीस कॉट द थीफ' याचं मराठी केलं, 'पोलिसानं चोराला खाट दिली.' सरांनी ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं आणि वर्षभर कुणाला पुसू दिलं नाही.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि कुणीतरी वर कळवलं. कुणी, ते मला ठाऊक आहे, पण त्याचं नाव घेऊन मी तोंड विटाळणार नाही. 'इंग्रजीचे शिक्षक स्वतः काही ऐकत नाहीत, मुलांकडूनच वर्ग चालवून घेतात,' असा अर्ज गेला आणि तपासणीला साहेब येणार असं ठरलं.

सरांच्या सायकलची चेन त्या दिवशी फाटकाशीच उतरली होती. ती चढवता चढवता ते माझ्याकडं बघून म्हणाले, "नोकरी जाणार नाही बाई. इतके वाईट लोक नाहीत. ऑफिसात बसवतील, टपालावर शिक्के मारायला."

"मग बरंच की. सावलीत बसाल."

"तिथं लोक कागदात बघून बोलतात. तोंड वर करत नाहीत. इथं एक्केचाळीस तोंडं माझ्याकडं वळलेली असतात." त्यांनी काळे झालेले हात रुमालाला पुसले. "तिथं गेलो ना बाई, तर मी खरंच बहिरा होईन."

मी त्यांच्यासाठी फाटक उघडून धरलं.

तपासणीचे साहेब म्हणजे वाघचौरे साहेब, लासूर स्टेशनकडच्या पाटलाच्या घरातले. ते आले एका शनिवारी. त्यांच्या आधी त्यांच्या मिशा आल्या म्हटलं तरी चालेल. मिशा कसल्या, ओठांवर घोंगडं अंथरलेलं. वरचा ओठ दिसतच नव्हता, खालचा आहे असं समजून चालायचं. ते बोलले की मिशांची थोडी हालचाल व्हायची आणि आवाज कुठून तरी आतून यायचा. त्यांना फाटकातून येताना पाहिलं आणि मी हातातला खडू टाकला. सर सगळी तोंडं वाचतील, पण जे तोंड दिसतच नाही ते कसं वाचणार? मी पळत जाऊन त्यांना वर्गाच्या दाराशी गाठलं.

"सर, साहेबांना लई मिशा हायेत."

"कितनी?"

मी तळहात आडवा धरून नाकापासून हनुवटीपर्यंत दाखवलं. सरांचा चेहरा उतरला. तरी त्यांनी टोपी सारखी केली आणि आत गेले.

हेडमास्तरांनी मलाही वर्गात बसवलं. साहेब सगळ्यांत मागच्या बाकावर जाऊन बसले, तिथला उजेड आधीच मंद. तिथून ते मिशीतल्या मिशीत म्हणाले, "मला बस मिळाली नाही, याला इंग्रजीत काय म्हणाल?" सर त्यांच्याकडं बघत होते. पण पुढच्या बाकावरची चतुरा उठली, सवयीप्रमाणं खिडकीकडं वळली आणि खणखणीत म्हणाली, "आय कॉट इट, सर. साहेब इज आस्किंग, बस मिळाली नाही, हाउ टू से?"

"गुड. हू विल अन्सर?"

"आय डिड नॉट कॅच द बस, सर," अन्सार नावाचं पोरगं उठून म्हणालं.

साहेब पुढं सरकून बसले. त्यांनी आणखी विचारलं. कपडा खिळ्याला अडकला, सर्दी झाली, मासा गळाला लागला. प्रत्येक प्रश्न कुणीतरी झेलला, सरांपुढं ठेवला आणि कुणीतरी त्याचं उत्तर दिलं. साहेबांना मौज वाटायला लागली. मिशा हसताना रुंद होतात हे मी तेव्हा पाहिलं. शेवटी ते हेडमास्तरांना म्हणाले, "ही पद्धत छान आहे. पोरं ऐकतात." हेडमास्तर लगेच म्हणाले, "माझीच सूचना होती, साहेब."

मला वाटलं, सुटलो.

घात झाला तो व्हरांड्यात. हेडमास्तर चहाचं बघायला पुढं गेले. साहेब आणि सर दोघंच उभे होते, मी चार पावलं मागं. पोरं वर्गात. साहेबांना शनिवारचं गावाकडं जायचं असावं. ते सहज म्हणाले, "लासूरकडची गाडी कधी आहे हो, सर?"

सरांनी त्या मिशांकडं पाहिलं. मिशा हलल्या एवढंच त्यांना दिसलं. तपासणीचे साहेब काय विचारतात याचा अंदाज बांधून ते हसतमुखानं म्हणाले, "एक्केचाळीस. त्यात मुली तेरा."

साहेब थबकले. मी पुढं झाले, "सर, साहेब गाडीचं..." पण साहेबांनी हातानं मला गप्प केलं. मग त्याच आवाजात, सरांकडं बघत ते म्हणाले, "माझ्या मिशांना आग लागली आहे."

सर अदबीनं किंचित झुकले. "जी. आपली मेहरबानी."

साहेब हसले नाहीत. मिशीवरून हात फिरवत ते सरांकडं बराच वेळ बघत राहिले. मग चहा न घेताच बाहेर उभ्या टांग्यात बसून निघून गेले.

"बाई, काय म्हणाले?" सरांनी विचारलं. मी सांगितलं. दोन्ही वाक्यं, तोंड पुरतं उघडून, एक शब्द न गाळता. त्यांनी व्हरांड्याचा खांब धरला. मग म्हणाले, "कॉट."

"हां," मी म्हणाले, "पोलिसानं चोराला खाट दिली."

आम्ही दोघंही हसलो. हसणं संपल्यावर मला रडू यायला लागलं. मला रडू आलं की मी कुणावर तरी डाफरते, म्हणून कडूबावर डाफरले. त्या बिचाऱ्याच्या हातात त्या वेळी घंटासुद्धा नव्हती.

त्यानंतर आम्ही कागदाची वाट बघत बसलो. पोस्टमन आला की मी वर्ग सोडून दाराशी जायची. हेडमास्तर सरांशी एकदम गोड बोलायला लागले होते, त्यावरूनच मला धोका कळत होता. सर नेहमीसारखे शिकवत होते, फक्त फळ्याच्या कोपऱ्याकडं बघून हसणं बंद झालं होतं. मग एका सकाळी त्यांनी चेंडू टेबलावर ठेवला आणि वर्गाला सांगितलं. पार्टिशनच्या पलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. मी माझ्या वर्गाला शुद्धलेखन घातलं आणि कान लावले.

"मुलांनो, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. मला ऐकू येत नाही. बिलकुल नाही. बरीच वर्षं झाली."

मग चतुराचा आवाज आला. "वी कॉट इट, सर."

"काय?"

"आमाला ठाऊक हाय, सर. मोठ्या पोरांनी आम्हाला सांगितलं, त्यांना त्यांच्या मोठ्यांनी. सरांच्या म्होरं उभं राहायचं, उजेडात बोलायचं."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"तुमी इचारलं कुठं?"

माझ्या वर्गातल्या पोरांनी त्या दिवशी शुद्धलेखनात काय दिवे लावले ते मी तपासलंच नाही. मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

पुढच्याच शनिवारी कडूबा धापा टाकत माझ्याकडं आला. "बाई, घात झाला. साहेब आलेत. त्यांचा बाप गेला वाटतं."

"तुला काय ठाऊक?"

"मिशा काढल्यात."

आमच्याकडं बाप्या माणसाच्या मिशा उतरतात त्या बाप गेल्यावरच. त्यातून पाटलाच्या घरातल्या मिशा. मी बाहेर येऊन पाहिलं तर साहेब फाटकातून येत होते आणि ओळखू येत नव्हते. नाकाखाली पांढरीफटक कातडी, जणू तेवढ्याच भागानं आयुष्यभर ऊन पाहिलं नव्हतं. हेडमास्तरांनी चेहरा लांब केला. साहेब काही बोलायच्या आत त्यांना घेऊन ते आठवीच्या वर्गात शिरले आणि जड आवाजात म्हणाले, "मुलांनो, उभे राहा. दोन मिनिटं शांत."

वर्ग उभा राहिला आणि सवयीनं खिडकीकडं वळला. सरांनी मान खाली घातली. मीही घातली. साहेबांनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि मग तेही हात बांधून, मान खाली घालून उभे राहिले. दोन मिनिटं झाल्यावर त्यांनी हेडमास्तरांना हळूच विचारलं, "कोण वारलं?"

हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "आपले... आपले वडील ना, साहेब?"

"माझे? सकाळी तर शेतावर गेलेत."

चतुरा फिसकन हसली. मी डोळे वटारले, पण माझंही तोंड वळणावर नव्हतं. साहेबांनी हात नाकाखाली नेला, तिथं काही नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि तेही हसले. तेव्हा पहिल्यांदा त्यांचे दात दिसले.

मग त्यांनी एक गोष्ट केली. बोलायच्या आधी ते पोरांच्या बाकांपर्यंत गेले, मधल्या रांगेत उभे राहिले आणि खिडकीकडं वळले. सगळा उजेड त्यांच्या तोंडावर आला. खिडकीशी मुख्तार सर होते.

"सर, माझे वडील सांडू पाटील," साहेब म्हणाले. सावकाश बोलत होते, ओरडत नव्हते. "बरीच वर्षं झाली, ते घरात सुनांशी बोलतात, नातवंडांशी बोलतात, माझ्याशी नाही. मी काही बोललो की 'मिशीत काय पुटपुटतो' म्हणून उठून जायचे. मला वाटायचं, मी शेती सोडून नोकरी धरली त्याचा राग त्यांनी अजून धरलाय. मग मीही हट्ट धरला. त्या दिवशी तुम्ही मला मुलींची संख्या सांगितली, आणि मी टांग्यात बसलो, तो स्टेशन येईपर्यंत एकच विचार करत होतो. बायकांना मिशा नसतात. पोरांना नसतात. घरात मिशा मला एकट्यालाच."

सर त्यांच्या तोंडावरून नजर हलवत नव्हते.

"लासूर स्टेशनला उतरलो तो थेट न्हाव्याकडं. वस्तरा हातात घेऊन न्हावी रडायलाच लागला, म्हणाला पाटील कधी गेले? त्याची समजूत घालून मिशा काढल्या आणि घरी गेलो. वडील ओट्यावर होते. मला बघून म्हणाले, 'काय रं, मी मेलो व्हय?' मी खाली बसलो, तोंडासमोर. म्हणालो, 'बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?' ओरडलो नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. म्हणाले, 'न्हाय लेका. पर आज तू दिसाया लागला. इतकी वर्सं कुठं व्हतास?'"

साहेब थांबले. मी पदर डोळ्यांना लावला, आणि खरं सांगायचं तर हेडमास्तरांनीही रुमाल काढला.

"अर्जात विचारलं होतं, शिक्षक ऐकतात का," साहेब जरा सावरून म्हणाले. "मी उत्तर दिलं, या वर्गात जितकं ऐकलं जातं तितकं मी कुठल्या शाळेत पाहिलं नाही. शिक्षकांना इथून हलवू नये. बाकी मला काही विचारलेलं नव्हतं."

मुख्तार सरांनी टेबलावरचा चिंध्यांचा चेंडू उचलला आणि नुसता हातात धरून ठेवला.

"पण सर, माझा एक प्रश्न त्या दिवशीचा तसाच राहिलाय," साहेब म्हणाले. "लासूरकडची गाडी कधी आहे?"

चतुरा उठायला लागली. तोंड उघडून "आय कॉट" एवढं म्हणालीसुद्धा. सरांनी हात करून तिला खाली बसवलं.

"आय कॉट इट, सर," ते स्वतः म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्या पार्टिशनपलीकडून हजारदा ऐकलं होतं, पण पोरांच्या तोंडून. त्यांच्या तोंडून कधी नाही. मग त्यांनी खिडकीतून उतरत्या उन्हाकडं पाहिलं आणि म्हणाले, "गाडी तर आता निघाली असेल, साहेब. ती काही कॉट होत नाही. पण माझ्या घरी एक कॉट आहे. अंगणात टाकू. आज मुक्काम करा."

एक क्षण कुणाला उलगडलं नाही. मग मागच्या बाकावरून बन्सी ओरडला, "साहेबाला खाट!" आणि वर्ग असा हसला की मागच्या ज्वारीतली पाखरं उठली.

सरांना ते हसणं ऐकू आलं नसणार. पण खिडकीच्या उजेडात एक्केचाळीस उघडी तोंडं त्यांच्याकडं वळलेली होती, आणि बेचाळिसावं साहेबांचं होतं. मी कडूबाला चहा सांगायला बाहेर गेले.